आश्रय मागायला एकटं आलेलं मूल तुमच्या घरी येणार असेल तर

हा लेख इंग्लंडमधल्या मराठी घरांसाठी आहे. फॉस्टर केअरर व्हायचं किंवा सपोर्टेड लॉजिंगसाठी घरातली खोली द्यायची असं ज्यांनी ठरवलंय, आणि ज्यांच्याकडे आई-वडिलांशिवाय या देशात पोचलेलं, असायलम मागणारं मूल येऊ शकतं, त्यांच्यासाठी. 'मूल' म्हणायचं, पण दारात उभा असतो तो बहुतेक वेळा १६-१७ वर्षांचा मुलगा. सुदान, एरिट्रिया, अफगाणिस्तान, इराण, सीरिया, व्हिएतनाम अशा देशांतला. मी हे काम करते. प्रशिक्षणात फॉर्म आणि नियम नीट शिकवतात. पण पहिल्या रात्री दोन वाजता तो जिन्यावर बसलेला दिसला तर काय करायचं, हे कुणी सांगत नाही. इथे ते सांगायचा प्रयत्न आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. मनाची काळजी घ्यायची म्हणजे त्याला समोर बसवून बोलतं करायचं, असं समजून या कामात येऊ नका. ते काम थेरपिस्टचं, आणि तेही वेळ आल्यावर. तुमच्या हातात झोप, जेवण, फोन आणि तारखा आहेत. या चार गोष्टी सांभाळल्या तर बरंचसं मन आपोआप सांभाळलं जातं. त्या विस्कटल्या तर उत्तम थेरपीही फारशी लागू पडत नाही.

१. आधी स्वतःचं घर तपासा

कायद्याची चौकट थोडक्यात अशी: १९८९च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम २० खाली अशा मुलाची जबाबदारी स्थानिक काउन्सिलवर येते आणि केअरमधल्या (काउन्सिल सांभाळतं अशा) कुठल्याही ब्रिटिश मुलाचे हक्क त्यालाही मिळतात. होम ऑफिस फक्त त्याच्या अर्जाचा निर्णय घेतं. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये अशा मुलांना कायद्यानं स्वतंत्र पालक-सल्लागार मिळतो. इंग्लंडमध्ये तशी सरसकट सोय नाही, त्यामुळे धागे जुळवायचं बरंच काम केअररच्याच अंगावर येतं.

मंजुरीसाठी साधारण हे लागतं:

– एन्हान्स्ड डीबीएस (गुन्हेगारी नोंदींची) तपासणी; भारतात किंवा आणखी कुठे राहिला असाल तर तिथला पोलीस दाखला बहुधा मागतात
– जीपीकडून वैद्यकीय अहवाल
– तुम्हाला नीट ओळखणाऱ्या माणसांची शिफारस
– मुलासाठी स्वतंत्र खोली
– व्हिसाची कागदपत्रं (अनेक संस्थांना कायम वास्तव्याचा परवाना हवा असतो)
– 'स्किल्स टू फॉस्टर' हे प्रशिक्षण, त्यानंतर घरी येऊन होणारं मूल्यमापन आणि शेवटी पॅनेल

घर द्यायला जमत नसेल तर काउन्सिलकडे 'इंडिपेंडंट व्हिजिटर' म्हणून नाव द्या. महिन्यातून एकदा-दोनदा मुलाला भेटायचं, फिरायला न्यायचं. हेही काम मोलाचं आहे.

आता आपल्या घरांचा खास मुद्दा. घर शाकाहारी असेल, बीफ चालत नसेल, देवघरासमोर बूट चालत नसतील, तर हे मॅचिंगच्या, म्हणजे कुठलं मूल कुठल्या घरी ते ठरवायच्या, वेळीच सोशल वर्करला सांगा. 'बघू, होईल सवय' असं म्हणून गप्प बसलात, तर दोन आठवड्यांनी त्या मुलाला कळतं की आपण या घरात अडचण आहोत, आणि असलं कळणं त्याच्या मनातून लवकर जात नाही. नातेवाइकांनाही आधीच समज द्या. पुण्याहून येणाऱ्या 'कोण ठेवलाय घरात?' या फोनला उत्तर एकच: 'आमच्याकडे राहतोय.' बाकी माहिती त्याची आहे, वाटायचा हक्क तुम्हाला नाही. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. चेहरा झाकूनही नाही.

२. पहिले तीन दिवस: काहीही विचारू नका

पुष्कळ मुलं डोव्हरला उतरतात, तिथे केंटमध्ये नोंद होते आणि मग नॅशनल ट्रान्सफर स्कीमखाली त्यांना दुसऱ्या काउन्सिलकडे पाठवलं जातं. तुमची गादी ही त्याची या देशातली दुसरी किंवा तिसरी असू शकते. त्या आधीच्या प्रवासात कुणी 'इथेच राहशील' म्हणालं असेल आणि ते खरं निघालं नसेल. त्यामुळे मोठी आश्वासनं देऊ नका.

पहिल्या दिवशी एवढंच करा. वायफायचा पासवर्ड आणि त्याच्या फोनला बसणारा चार्जर द्या. बाथरूमची कडी कशी लागते ते दाखवा. फ्रिज उघडून दाखवा आणि रात्री भूक लागली तर काय घ्यायचं ते सांगा. घराचा पत्ता आणि तुमचा नंबर कागदावर लिहून खिशात द्या. उद्या सकाळी काय होणार आहे ते सांगा, आणि उद्या तेच करा.

दुभाषी फोनवर मिळतो, काउन्सिलकडे त्याची सोय असते. इथे मराठी माणूस एका सापळ्यात हमखास सापडतो. अफगाण मुलांपैकी कित्येकांना हिंदी सिनेमांमुळे किंवा पाकिस्तानात राहिल्यामुळे हिंदी-उर्दू कळतं. दोन वाक्यं जुळली की आपल्याला वाटतं, झालं, दुभाष्याची गरजच नाही. स्वयंपाकघरात आणि क्रिकेटच्या मॅचसमोर ती भाषा जरूर वापरा, त्याच्या चेहऱ्यावर फरक दिसेल. पण डॉक्टर, सॉलिसिटर, सोशल वर्कर यांच्यासमोर दुभाषी त्याच्या मातृभाषेचाच हवा. तुमच्या कामचलाऊ उर्दूतून निघालेली एक चुकीची तारीख त्याच्या केसमध्ये वर्षभर छळू शकते. दुभाषी कुठल्या जमातीचा, कुठल्या बोलीचा, तो चालेल का, हे मुलाला खासगीत विचारून घ्या. नको म्हणाला तर कारण विचारू नका, दुसरा मागा.

आणखी एक, आणि हे घाबरवायला नाही. याच दिवसांत मुलं बेपत्ता होण्याचा धोका सर्वात जास्त असतो. होम ऑफिसनं २०२१पासून या मुलांना हॉटेलांत ठेवलं होतं, तिथून कितीतरी मुलं नाहीशी झाली. जुलै २०२३मध्ये हायकोर्टानं ती नित्याची पद्धत बेकायदा ठरवली. मुलं जातात त्यामागे बऱ्याचदा दलालाचं कर्ज किंवा कामाला जुंपणारी माणसं असतात. सतत वाजणारा दुसरा फोन, अनोळखी गाडी, 'मला कामाला जायचंय' असा अचानक धोशा दिसला तर त्याच दिवशी सोशल वर्करला सांगा. मानवी तस्करीचा संशय असेल तर काउन्सिल नॅशनल रेफरल मेकॅनिझमकडे (तस्करीचे बळी ओळखणारी सरकारी यंत्रणा) नोंद करतं. तो ठरलेल्या वेळी घरी आला नाही तर 'येईल थोड्या वेळानं' म्हणत थांबू नका. पोलीस आणि काउन्सिलची रात्रपाळीची टीम, दोन्हीकडे फोन करा.

३. झोप

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण सगळी गाडी इथेच अडते. ज्यानं महिनोन्‌महिने रात्री चालत काढल्या, दिवसा लपून झोप घेतली, त्याचं शरीर रात्र म्हणजे जागं राहायची वेळ असंच धरून चालतं. त्यात वाईट स्वप्नं. मग पहाटे पाचला डोळा लागतो आणि कॉलेजचे शिक्षक म्हणतात, मुलगा आळशी आहे.

खोलीत मंद दिवा ठेवा, तो रात्रभर चालू राहू दे. दार उघडं हवं की बंद, पलंग खिडकीजवळ हवा की भिंतीला लागून, हे त्याला ठरवू द्या. काही मुलं पलंग सोडून जमिनीवर झोपतात. झोपू द्या, जाड गोधडी द्या. आवाजाचा त्रास होत असेल तर कानात घालायचे बोळे, किंवा उलट हळू आवाजातलं कुराणपठण, चर्चमधली गाणी, रेडिओ. घरात बॉयलर खडखडतो, जिना करकरतो, पहाटे दूधवाला किंवा कचऱ्याची गाडी येते, हे सगळे आवाज दिवसा दाखवून ठेवा. आमच्या गल्लीत दिवाळीला फटाके वाजतात आणि ५ नोव्हेंबरच्या आसपास सगळ्या देशातच वाजतात. आधी सांगितलं नाही तर त्याला ते बॉम्बच वाटणार. मोबाइलवर फटाक्यांचा व्हिडिओ दाखवून तारीख सांगून ठेवा.

उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा. रात्री कितीला झोपला यावरून वाद घालू नका. सकाळी नऊला पडदा उघडायचा, चहा द्यायचा, उजेडात दहा मिनिटं चालून यायचं. रात्री झोप येत नाही म्हणून दिवसा झोपू दिलं की चक्र तसंच राहतं.

रात्री ओरडत उठला तर धावत जाऊन हलवू नका, अंगाला हात लावू नका. दारातूनच दिवा लावा, त्याचं नाव घ्या, तुमचं नाव सांगा, गावाचं नाव सांगा. गार पाणी द्या. जरा भानावर आला की खोलीतल्या दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा, त्याच्या भाषेत. तुम्हाला ती कळली नाहीत तरी चालेल. स्वप्न काय पडलं ते विचारू नका. आणि जिन्यावर बसलेला दिसला तर शेजारच्या पायरीवर बसा, नाहीतर खाली जाऊन चहा टाका. दोन्हीपैकी काय बरं ते त्याच्याकडे बघून कळतं.

४. जेवण आणि देव

सुदानी मुलांच्या घरी ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाचे पातळ पापुद्र्यासारखे किसरा करतात. भाकरीचं पीठ बघून ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखा तो मुलगा हसला, तर नवल नाही. एरिट्रियातली ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन मुलं बुधवारी-शुक्रवारी आणि मोठ्या उपवासांच्या काळात मांस, दूध, अंडी खात नाहीत. आपल्या डाळी-उसळी त्या दिवशी फार कामाला येतात, फक्त फोडणी तेलाची. मुस्लिम मुलांसाठी हलाल मांस आणि वेगळी भांडी. शक्यतो आठवड्यातून एकदा स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात द्या. कुठला मसाला हवा ते दुकानात त्यालाच निवडू द्या. ज्याच्या आयुष्यातले सगळे निर्णय परके लोक घेताहेत, त्याला कांदा किती परतायचा हे ठरवण्यातही बरं वाटतं.

ताटावर बसून 'अजून घे' असा आग्रह आपण करतो. इथे करू नका. पोटदुखी, मळमळ ही मनाच्या त्रासाचीही रूपं असू शकतात, आणि नको म्हणता येणं ही त्याच्यासाठी नवी चैन आहे.

गणपतीत घर माणसांनी भरतं. त्याला आधी विचारा, खोलीत थांबायचंय की खाली यायचंय. आला तर कपाळाला कुंकू लावायला कुणी पुढे होणार नाही हे तुम्ही बघायचं. जवळची मशीद किंवा त्याचं चर्च शोधून देणं हे तुमच्या कर्तव्यात मोडतं. तिथे त्याच्या भाषेत बोलणारी मोठी माणसं भेटतात. पहिल्यांदा कुणाबरोबर जाणार ते सोशल वर्करच्या कानावर घाला.

५. फोन

फोन काढून घेणं ही शिक्षा कधीही द्यायची नाही. आई त्याच फोनमध्ये आहे.

पण प्रत्येक फोनानंतर तो हलका होईल असंही नाही. तिकडची माणसं 'सगळं ठीक आहे' म्हणतात, हाही 'मी मजेत आहे' म्हणतो, आणि दोघांनाही ते खरं नाही हे माहीत असतं. कधी पैशांची मागणी येते, कधी मृत्यूची बातमी. सुदानात एप्रिल २०२३पासून युद्ध चालू आहे, तिथलं नेटवर्क दिवसचे दिवस बंद पडतं. मग हा मुलगा दर दहा मिनिटांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका करड्या टिकमार्कच्या दोन झाल्यात का ते बघत बसतो. त्या दिवशी अभ्यास, खोली आवरणं, काहीही मागू नका.

घरच्यांचा पत्ताच नसेल तर ब्रिटिश रेडक्रॉसची कुटुंब शोधून देण्याची सेवा आहे, फुकट. मात्र मुलाची संमती हवी आणि आधी सॉलिसिटरशी बोलणं हवं. मायेपोटी स्वतः फेसबुकवर त्याच्या गावातल्या लोकांना शोधायला जाऊ नका. त्यानं तिकडची माणसं संकटात येऊ शकतात. आणि 'आई-बाबांना बोलावून घेऊ' असं कधीच म्हणू नका. आश्रय मिळालेल्या मुलाला आई-वडिलांना इथे आणण्याचा सरळ मार्ग ब्रिटनच्या नियमांत नाही.

६. तारखा भिंतीवर लावा

माझ्या अनुभवात या मुलांना भूतकाळाइतकंच वाट बघणं पोखरतं. निर्णय कधी येईल, कुणीच सांगत नाही. त्यावर उपाय नाही, पण ज्या तारखा माहीत आहेत त्या सगळ्या मोठ्या कॅलेंडरवर त्याच्या भाषेत लिहा. केअरमध्ये आल्यापासून २० कामाच्या दिवसांत आरोग्य तपासणी आणि पहिला आढावा, दुसरा आढावा त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, मग दर सहा महिन्यांनी. सॉलिसिटरच्या भेटी, कॉलेजची सुट्टी, ईद किंवा ७ जानेवारीचा ऑर्थोडॉक्स ख्रिसमस.

सॉलिसिटर लीगल एडवर, म्हणजे फुकट मिळतो. मुलांच्या असायलम केसेसचा अनुभव असलेला मागा. नात्यातल्या, ओळखीतल्या 'व्हिसाचं काम करणाऱ्या' माणसाकडे अजिबात नेऊ नका. बारा वर्षांवरच्या मुलाची होम ऑफिस मुलाखत घेऊ शकतं, आणि तिथे होम ऑफिसचा नसलेला जबाबदार प्रौढ हजर असावाच लागतो. पण मुलाखतीहून जड जाते ती त्याआधीची, सॉलिसिटरकडे जबानी लिहून द्यायची बैठक, कारण तिथे तो सगळं पहिल्यांदा क्रमानं सांगतो. दोन्हींच्या आदल्या रात्री हलकं जेवण, दुसऱ्या दिवशी काहीही न ठेवणं, आणि परतताना गाडीत 'कसं झालं?' न विचारणं एवढं पाळा. भूक लागलीय का, एवढंच विचारा.

वय ठरवणं हा सगळ्यात कडवट भाग. शंका असेल तर दोन सोशल वर्कर मूल्यमापन करतात. २००३च्या मर्टन खटल्यापासून त्याची रीत ठरली आहे, आणि केअररचं निरीक्षणही विचारलं जातं. पुष्कळ मुलांची जन्मतारीख १ जानेवारी असते आणि इथल्या लोकांना ती खोटी वाटते. आपल्या आधीच्या पिढीत शाळामास्तरांनी किती जणांना १ जून लावून दिला, हे आठवणाऱ्या मराठी माणसाला तसं वाटायचं कारण नाही. शिवाय अफगाण वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे तारखा बदलून घेतानाच घोळ होतो. 'दिसतो मोठा' अशी मतं चहाच्या टेबलावर देऊ नका. जे पाहिलंत तेवढंच, विचारलं तिथेच सांगा.

७. तो स्वतःहून बोलला तर

बोलेल. बहुधा गाडीत, किंवा भांडी घासताना, जेव्हा डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही. हातातलं काम चालू ठेवा. मध्ये प्रश्न घालू नका, तपशील खोदू नका, 'विसरून जा आता' म्हणू नका, देवाची इच्छाही म्हणू नका. 'सांगितलंस ते बरं केलंस' इतकं पुरे. मात्र 'कुणालाच सांगणार नाही' असं वचन देऊ नका. जिवाला धोका किंवा अत्याचाराची गोष्ट असेल तर ती सोशल वर्करला सांगावीच लागते, आणि तसं त्याला आधीच सांगून ठेवा.

रोजच्या नोंदवहीत शब्द जपून. 'आज प्रवासाबद्दल बोलला, अस्वस्थ होता, अर्धा तास चाललो' हे ठीक. त्याच्या हकिगतीचा तुम्हाला समजलेला सारांश, देशांची नावं, महिने, असलं लिहू नका. ही वही पुढे मागवली जाऊ शकते, आणि तुमच्या ऐकण्यातला फरक त्याच्या बोलण्यातली विसंगती म्हणून उभा राहू शकतो.

८. डॉक्टर आणि धोक्याच्या खुणा

जीपीकडे नाव नोंदवायला पासपोर्ट किंवा पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. रिसेप्शनवर अडवलं तर शांतपणे हेच सांगा. डोकेदुखी, छातीत धडधड, पोटदुखी ही तक्रार घेऊन जायला त्याला लाज वाटत नाही. 'मेंटल हेल्थ' म्हटलं की तो 'मी वेडा नाही' म्हणून मिटतो, आपल्याकडेही वेगळं कुठे आहे? म्हणून झोपेच्या तक्रारीनं सुरुवात करा.

एनएचएसच्या मुलांसाठीच्या मानसिक आरोग्य सेवेची, कॅम्सची, रांग लांब असते. रेफरल लवकर करून ठेवा आणि त्यात दुभाष्याची गरज ठळक लिहायला सांगा. छळातून वाचलेल्यांसाठी फ्रीडम फ्रॉम टॉर्चर आणि लंडनमध्ये खास अशा तरुणांसाठी बाओबाब सेंटर या संस्था आहेत. जे घडलं ते लगेच सविस्तर बोलायला लावणं उपयोगाचं नाही, ब्रिटनची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वंही त्याला नकोच म्हणतात. पण ट्रॉमासाठीची ठरावीक थेरपी या मुलांना लागू पडते, तेव्हा 'वेळ गेला की होईल बरं' म्हणून थांबूही नका.

जेवण बंद होणं, वस्तू वाटून टाकणं, अंगावर नव्या जखमा, 'मी नसतो तर बरं झालं असतं' असं बोलणं: यातलं काही दिसलं तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. हो म्हणाला तर एकटं सोडू नका. १११ लावून पर्याय २ निवडा, तिथे मानसिक संकटाची टीम मिळते. तातडीचं असेल तर ९९९. चाइल्डलाइन ०८०० ११११, समॅरिटन्स ११६ १२३.

९. कॉलेज, मैदान

सप्टेंबर उलटल्यावर आलेल्या मुलाला 'पुढच्या वर्षी या' सांगतात. ऐकून घेऊ नका. काउन्सिलच्या व्हर्च्युअल स्कूलला (केअरमधल्या मुलांच्या शिक्षणाकडे बघणारी टीम) लगेच लिहा, मधल्या काळासाठी इंग्रजीचे तास मागा. केअरमधल्या १६ ते १९ वयाच्या विद्यार्थ्याला वर्षाला १,२०० पौंडांपर्यंत बर्सरी (शिक्षणासाठी आर्थिक मदत) मिळू शकते, कॉलेजच्या ऑफिसात विचारा. अफगाण मुलासाठी स्थानिक क्रिकेट क्लब गाठा. आपल्यातले कुणी ना कुणी तिथे खेळतच असतात.

१०. साडेसतरा ते अठरा

आश्रय नाकारला पण परत पाठवता येत नाही अशा मुलाला मिळणारी परवानगी ३० महिने किंवा साडेसतरा वर्षांचं वय, यांतलं जे आधी येईल तोपर्यंतच असते. त्यामुळे १८च्या वाढदिवसाची त्याला भीती वाटते, केकची तयारी त्याला विचारूनच करा. सतराव्या वाढदिवसालाच सॉलिसिटरला मुदतवाढीच्या अर्जाची तारीख विचारा आणि कॅलेंडरवर लावा. पाथवे प्लॅन, म्हणजे केअरमधून बाहेर पडतानाचा आराखडा, लेखी हातात घ्या. १६व्या वाढदिवसानंतर पुढे केअरमध्ये राहून, एकूण किमान १३ आठवडे भरलेल्या मुलाला पर्सनल अ‍ॅडव्हायजर (केअर सोडताना आणि नंतर मार्गदर्शन करणारा काउन्सिलचा माणूस) मिळतो आणि ती मदत २५ वर्षांपर्यंत मागता येते.

दोघांनाही हवं असेल तर फॉस्टर घरात तो 'स्टेइंग पुट' खाली २१पर्यंत राहू शकतो. २०१४पासून हे कायद्यात आहे, पण भत्ता बदलतो, खोलीचं भाडं कोण भरणार हे बदलतं आणि सपोर्टेड लॉजिंगला तोच नियम आपोआप लागत नाही. म्हणून हा प्रश्न आढाव्याच्या बैठकीत तोंडी न काढता सोशल वर्करला ईमेलनं विचारा आणि उत्तरही लेखीच मागा.